पक्का डाग, जबाबदारी आमची नाही

४ मार्च, सकाळी

आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसाच्या डोक्यात इतकं काही चालू असतं की त्याची कुठेतरी नोंद राहायला हवी. संकल्प: पोट कमी करणे. कमी बोलणे, पण नेमकं बोलणे. आणि खाली लाँड्रीत मागच्या खोलीतल्या मोठ्या मशीनचा आवाज बंद करणे. हल्ली दुपारी मी वर घरात जरा आडवा झालो की खालून धाड धाड सुरू होतं. बेअरिंग गेलंय. मशीनच्या बाबतीत माझा कान फसत नाही.

४ मार्च, संध्याकाळी

मेकॅनिक येऊन गेला. दारातच त्याला सांगितलं, बेअरिंग आहे, वेळ घालवू नकोस. त्याने मशीन बंद केलं. तरी आवाज चालूच. मी म्हणालो, बघ किती खराब झालंय, बंद असूनही वाजतंय. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मशीनच्या मागे वाकून पाहिलं आणि म्हणाला, मशीन ठणठणीत आहे साहेब, आवाज वहिनींचा आहे.

मागे गेलो. चादरींच्या गाठोड्यांआड अख्खा ड्रमसेट. बायको स्टुलावर, हातात काठ्या, घामाने निथळत होती. मला पाहूनही थांबली नाही. मेकॅनिक टाळ्या वाजवत होता. त्याचा चहा रद्द केला.

६ मार्च

माहिती काढली. प्रकरण गंभीर आहे. बायको एकटी नाही, बँड आहे. गाते माझी धाकटी बहीण छोटी. चाळिशी उलटली, डेंटिस्टच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, तरी आम्ही छोटीच म्हणतो. गिटारवर नर्सबाई, जिचे युनिफॉर्म आमच्याकडे धुवायला येतात. कॉलर फार मळवते. एकही पुरुष नाही. म्हणजे जबाबदार असं कोणीच नाही.

संगीताचा प्रकार पंक रॉक. नेटवर वाचलं. सूर तीनच, वेग फार आणि राग त्याहून जास्त. बायकोला विचारलं, तुला गं कसला राग? म्हणाली, यादी करतेय, पूर्ण झाली की दाखवते. विनोदी आहे तशी.

बँडचं नाव 'पक्का डाग'. आमच्या पावतीच्या तळाशी छापलेलं असतं ना, 'पक्का डाग, जबाबदारी आमची नाही', तिथून उचललंय. लग्न झाल्यापासून ती काउंटरवर बसून पावत्याच फाडतेय, तिला दुसरं सुचणार तरी काय. पण ज्या माणसाने उभी हयात डाग काढण्यात घालवली, त्याच्याच घरात हे नाव! मी 'शुभ्र' सुचवलं. का सुचवलं तेही समजावून सांगत होतो, तेवढ्यात त्यांनी पुढचं गाणं सुरू केलं.

९ मार्च

रात्रभर विचार केला. विरोध करण्यात अर्थ नाही. घोडं उधळलंय तर लगाम आपल्या हातात हवा. आज प्रॅक्टिसच्या वेळी जाहीर केलं की आजपासून बँडचा मॅनेजर मी. तेव्हा दोन्ही मशीन चालू होती आणि नर्सबाई गिटार जुळवत होती, तरी माझा आवाज खणखणीत आहे. कोणीही नाही म्हणालं नाही.

कार्ड छापायला टाकली. 'व्यवस्थापक व मुख्य सल्लागार, पक्का डाग (महिला)'. छापखानेवाल्याने विचारलं, त्वचेचं मलम आहे का? लोकांना कलेची जाण नाही.

१५ मार्च

प्रॅक्टिसला बसलो. आवश्यक तेवढंच बोलायचं असा नियम आहे, म्हणून आवश्यक तेवढंच बोललो. त्यात प्रॅक्टिस संपली.

छोटीला सांगितलं, शब्द ओरडू नकोस, चावून चावून म्हण. ती म्हणाली, दादा, दिवसभर दवाखान्यात लोकांना गोड आवाजात सांगते की दुखणार नाही, संध्याकाळी तरी खरं ओरडू दे. नर्सबाईला सांगितलं, गिटार पोटाशी धरायची असते, गुडघ्याशी नाही. तिने मला रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं. बायकोला म्हटलं, जरा हळू वाजव, मी सांगतो ना, हळू वाजवण्यातच खरी कला असते. ती म्हणाली, हळू करून झालंय.

आई पूर्ण वेळ हजर. ऐंशी झाली, कानाला मशीन आहे. मी बोलायला लागलो की ती मशीन काढून पदराच्या टोकाला बांधते आणि गाणं सुरू झालं की पुन्हा कानात घालते. बॅटरी वाचवते. पहिल्यापासून काटकसरी.

२४ मार्च

पहिलं बुकिंग! मॅनेजर काय करतो म्हणून विचारणाऱ्यांनी आता तोंडं बंद करावीत. ज्येष्ठ नागरिक मंडळाचा वार्षिक मेळावा. सेक्रेटरी आमचे जुने ग्राहक, त्यांचे सगळे सफारी सूट माझ्या हाताखालून जातात. त्यांनी विचारलं, गाणी कशा प्रकारची असतात? मी म्हणालो, भावगीतासारखीच, जरा वरच्या पट्टीत. खोटं नाही. भावना आहेतच.

तिघींना सांगितल्यावर तिघी एकदम माझ्याकडे बघत राहिल्या. भारावल्या असणार. नर्सबाईने तेवढं विचारलं की तिथे डॉक्टर असतो ना.

३१ मार्च

जबरदस्त यश. सविस्तर लिहितो.

हॉल भरलेला. पुढच्या रांगेत काठ्या, मागे व्हीलचेअर. बँडला पाहून सेक्रेटरींचा चेहरा उतरला, कारण नर्सबाईच्या जाकिटाला जागोजागी भोकं आणि सेफ्टी पिना. मी प्रसंगावधान राखून माइक हातात घेतला आणि श्रोत्यांची आधीच माफी मागायचं ठरवलं. म्हणालो, घाबरू नका, या घरंदाज बायका आहेत. पंक म्हणजे काय ते मी सांगतो ना. एवढं म्हणतोय तर मागून बायकोने ड्रमवर एक दणका दिला. मी पुढे गेलो. गाण्याचा अर्थ लागला नाही तरी काळजी नको, मी सांगतो ना. पुन्हा दणका. मी मागे वळून डोळे वटारले. दणका.

तिसऱ्या-चौथ्यांदा लोक हसायला लागले. मग प्रत्येक वेळी माझ्याबरोबर तेच ओरडू लागले, मी सांगतो ना, आणि काठ्या जमिनीवर आपटू लागले. अख्खा हॉल! आयुष्यात माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नव्हतं. मी आणखी बोलणार होतो, पण छोटीने माइक काढून घेतला.

गाणी झाली. कान किटले, पण कोणी उठलं नाही. एक आजोबा वन्स मोअर म्हणून उभे राहिले, त्यांना उभं राहिलेलं कोणी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं म्हणे. श्रेय कोणाचं यात मी पडत नाही. वातावरणनिर्मिती कोणी केली हे उघड आहे.

६ एप्रिल

नवीन गाणं बांधलंय. नाव, 'मी सांगतो ना'. मेळाव्यातल्या प्रतिसादानंतर ते साहजिकच होतं. शब्द इथे उतरवून ठेवतो:

तुला जमणार नाही, मी सांगतो ना
तुला कळणार नाही, मी सांगतो ना
श्वास कसा घ्यायचा तो मी सांगतो ना
आडवं पडून सगळं कानावर येतं
उभं राहून काही ऐकत नाही ना

फार भेदक. असे पुरुष असतात. ऐकल्या ऐकल्या ओळखलं, हा शेजारचा सायकलवाला. दुकानाच्या मागे दुपारभर आडवा असतो. मीही असतो, पण ती विश्रांती. शिवाय त्याला प्रत्येक गोष्टीत बोलायची सवय आहे. परवा मी त्याला पंक्चर कसं काढतात ते समजावत होतो, तर मध्येच बोलला.

फक्त एक सुधारणा सुचवली. म्हटलं, तिसऱ्या ओळीला छोटीचा दम तुटतो, शब्द कमी करा, मी सांगतो ना. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि नर्सबाईने तळहातावर पेनने काहीतरी लिहून घेतलं. शिकण्याची वृत्ती आहे.

९ एप्रिल

गाण्याला नवीन कडवं जोडलंय. 'दम तुटतो तुझा, शब्द कमी कर, मी सांगतो ना'. माझी सूचना जशीच्या तशी. आता मी गीतकारही झालो. कार्डावर घालायला हवं.

१९ एप्रिल

गाणं सुटलंय. कोणीतरी मोबाइलवर काढून पसरवलं. बसमध्ये ड्रायव्हर म्हणाला, पुढे सरका, आणि मागून सगळे ओरडले, मी सांगतो ना. शाळेच्या फाटकाबाहेर मुली रिंगण करून म्हणत होत्या. छोटीच्या डेंटिस्टने पेशंटला तोंड उघडा म्हटलं तर पेशंट तेच म्हणाला, तोंड उघडं असताना. लाँड्रीत नव्या बायका येतात, न मळलेले कपडे घेऊन, आणि काउंटरवर बायकोशी हात मिळवतात. एकीने तर माझ्याकडे बोट दाखवून हळूच विचारलं, हेच का? बायको म्हणाली, हेच. लोकांना मॅनेजरबद्दल कुतूहल असतंच.

सायकलवाल्याची मात्र दया आली. गावभर त्याची टर उडतेय आणि त्या बिचाऱ्याला पत्ता नाही. मोठं मन करून त्याच्याकडे गेलो. खांद्यावर हात ठेवून म्हणालो, मनाला लावून घेऊ नकोस, कलेत असं होतं, कोणाचं तरी चित्र निघतं. तो विचारायला लागला, कोणाचं? मी म्हणालो, आता माझ्या तोंडून कशाला वदवतोस. मग त्याला काय झालं कोण जाणे. हसता हसता हवा भरायच्या पंपावर बसला, तिथून घसरला. धक्का बसला की काही लोक असे हसतात.

३ मे

मोठी बातमी. जुन्या सिनेमा थिएटरात निरनिराळ्या बँडची संध्याकाळ आहे. बाहेरगावचा एक आयोजक येणार, त्यातला एक बँड निवडणार आणि गावोगावच्या दौऱ्यावर नेणार. महिने लागतील. स्वतःची व्हॅन, राहायची सोय, रोज नवं गाव.

बायकोने हे जेवताना सांगितलं. मी विचारलं, काउंटरवर कोण बसणार? ती म्हणाली, बघू. आमच्या घरात 'बघू' हा शब्द माझा आहे.

५ मे, रविवार

लाँड्री बंद. त्या तिघी खाली वाजवतायत. जिन्यात बसून ऐकलं. वर जायचं होतं, पण बसलो.

ती ड्रम वाजवताना हसते. दात दिसतील असं हसते. घरात तिला असं हसताना मी कधी पाहिलंय ते आठवत बसलो आणि काही आठवेना. ती माझ्याशी कमी बोलते हा तिचा स्वभाव आहे असं मी सगळ्यांना सांगतो. तो स्वभाव नसेल तर?

ती दौऱ्यावर जाईल आणि येईलसुद्धा परत, कपडे इथेच आहेत तिचे. पण आल्यावर ती पुन्हा तशी काउंटरवर बसेल असं मला वाटत नाही. मला भीती वाटतेय. ती गेलेली मला नको आहे.

वरचं खोडायचं होतं. पेन चालेना.

६ मे

पेन चालू आहे. काल अपचन झालं असावं.

नवा निर्धार. बँड निवडला गेलाच पाहिजे आणि तो माझ्यामुळेच निवडला गेला पाहिजे. मग दौऱ्यावर मॅनेजरशिवाय कसे जातील? बॅग माळ्यावरून काढून ठेवली. काउंटरवर आईला बसवता येईल.

१० मे

संधी चालून आली. बायकोने कार्यक्रमाचे कपडे धुवायला टाकले. गाठोड्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'फक्त धुणे. बाकी काहीही करू नये.' संकोची आहे. मला त्रास नको म्हणून लिहिते.

गाठोडं उघडलं आणि डोळ्यांत पाणी आलं. काय ही अवस्था! नर्सबाईच्या जाकिटाची पाठ फाटलेली, बिचारीने पिना लावून कशीबशी सांभाळलीय. छोटीच्या पँटला गुडघेच नाहीत. बायकोच्या शर्टाच्या बाह्या मुळापासून उपटलेल्या. लाँड्रीवाल्याची बायको, आणि असा शर्ट घालून लोकांसमोर बसते! नंतर लोक मलाच बोल लावणार.

आणि तळाशी ते स्टेजमागे टांगायचं भलंमोठं पांढरं कापड. त्यावर लाल ऑइल पेंटने ओघळ आलेलं 'पक्का डाग'. किती वाईट अक्षर.

ते मी टेबलावर पसरलं आणि कितीतरी वेळ नुसता बघत बसलो. अजून एकाही डागाने मला हरवलेलं नाही.

११ मे

इस्त्रीवाल्याला सुटी दिली. दुकान बंद, पाटी उलटी. हात रिकामा ठेवला नाही.

रफू म्हणजे काय हे हल्ली कोणाला माहीत नाही. कापडातलाच धागा काढून त्याच विणीने भोक भरायचं. उजेडात धरलं तरी कळता कामा नये. जाकिटाची पाठ अशी केली की नर्सबाई भोक शोधत बसेल. पिना काढून आकाराप्रमाणे डब्यात लावून ठेवल्या. छोटीला गुडघे बसवले. बायकोच्या शर्टाला बाह्या जोडल्या, ग्राहकाने न नेलेल्या शर्टाच्या, पण शिवणीचा पत्ता लागणार नाही.

आणि तो डाग. आधी हटेना. टर्पेंटाइन, मग साबण, मग ऊन, मग पुन्हा पहिल्यापासून. ब्रश मोडला, दुसरा घेतला. आणि उन्हं उतरता उतरता तो गेला! कापड कोरं करकरीत. लाल रंगाचा कणसुद्धा नाही. टाळी वाजवायला शेजारी कोणी नव्हतं, म्हणून मीच वाजवली.

सगळ्याला कडक खळ, वर इस्त्री. पँटची घडी अशी की भाजी चिरावी. तिघींना उद्या ऐन वेळी सरप्राइज.

१२ मे

कार्यक्रम झाला. जे झालं ते क्रमाने लिहितो.

स्टेजमागच्या खोलीत मी स्वतः गाठोडं नेलं आणि आभार स्वीकारायला दारात उभा राहिलो. नर्सबाईने जाकीट उलगडलं. दोन शब्द म्हणाली. त्यातला एक शरीराचा अवयव आहे. छोटी म्हणाली, दादा, तू. आणि पँटचे गुडघे चाचपत राहिली. बायकोने ते मोठं कापड उचललं, दिव्यासमोर धरलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत बारकाईने तपासलं, काउंटरवर कपडा तपासते तसं. कुठेच काही सापडलं नाही. म्हणाली, गेला की हो. शाबासकी होती की काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

स्टेजवर घालण्यासारखे दुसरे कपडे नव्हते. नाव पुकारलं गेलं. तेच घालून गेल्या.

आधीचे दोन बँड काळे कपडे, साखळ्या, फाटकं सगळं. आणि मग आमच्या तिघी, स्वच्छ, कडक, घडीबंद. मागे कोरं पांढरं कापड. नर्सबाईची पाठ वाकेना. खळ इतकी उत्तम बसली होती की बायकोला ड्रमवर हातच उचलता येईना, बाह्या फळीसारख्या ताठ. कोणीतरी मागून ओरडलं, बँकेतून थेट आलात का?

तेव्हा छोटीने माइक घेतला आणि सांगून टाकलं. म्हणाली, आमच्या मॅनेजरने आमची भोकं रफू केली आणि आमचं नाव धुऊन काढलं. लोक एवढे हसले की खुर्च्या हलल्या. मग ती म्हणाली, आता आम्ही हे तुमच्यासमोर फाडणार. आणि 'मी सांगतो ना' सुरू झालं.

बायकोने बाही धरून ओढली. शर्ट फाटला, पण शिवणीच्या शेजारी. शिवण जागची हलली नाही! नर्सबाईने जाकिटाच्या पाठीत दोन्ही हात घातले आणि जीव खाऊन ओढलं. कापड टरकन गेलं, रफू तसाच. छोटीच्या पँटच्या दोन्ही मांड्या उसवल्या, गुडघे शाबूत. पुन्हा पुन्हा ओढत होत्या. माझ्याच्याने राहवेना. पहिल्या रांगेत उभा राहून जिवाच्या आकांताने ओरडलो, अगं तिथे नाही फाटणार, मी सांगतो ना!

बरोबर त्याच क्षणी गाण्यातही तेच आलं.

अख्खं थिएटर फुटलं. छोटीने माझ्याकडे बोट केलं. सगळ्या माना वळल्या आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघून ओरडायला लागले, मी सांगतो ना, मी सांगतो ना. मी वाकून नमस्कार केला. आणखी जोरात ओरडले. दोन्ही हात हलवले.

हात हलवता हलवता माझं लक्ष बायकोकडे गेलं. एक बाही लोंबत होती. प्रत्येक 'मी सांगतो ना' ला ती ड्रमवर दणका मारत होती आणि प्रत्येक दणक्याला सरळ माझ्याकडे बघत होती. मागे वळून सायकलवाला कुठे आहे ते शोधलं, म्हटलं निदान तिने त्याच्याकडे बघावं. तो मागच्या रांगेत होता. तोही माझ्याकडेच बघत होता.

मॅनेजर असल्यामुळे असेल.

१३ मे

गाण्याचे शब्द पुन्हा वाचले. 'आडवं पडून सगळं कानावर येतं.' सायकलवाल्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि तो उजव्या कुशीवर झोपतो, हे मला आत्ता आठवलं.

दुपारी आडवा झालो नाही.

१६ मे

निवडले गेले! आयोजक स्वतः लाँड्रीत आला. म्हणाला, फाटके कपडे घालून सगळेच येतात, पण कडक इस्त्री करून येणारा आणि स्टेजवर फाडणारा बँड त्याने आजवर पाहिलेला नाही. दौऱ्यात प्रत्येक कार्यक्रमाला असंच हवं. कोरं कापडही तसंच हवं. मग त्याने विचारलं, हे काम केलं कोणी?

तिघींनी माझ्याकडे पाहिलं. नर्सबाईसुद्धा. मी विनयाने खाली पाहिलं.

म्हणजे माझ्याशिवाय दौरा होऊ शकत नाही. मी सांगत होतो ना. (हे शब्द इथून पुढे वापरायचे नाहीत.)

२८ मे

तयारी. टोपी घेतली. नवी कार्डं आणली. माझ्या कपड्यांना माझ्याच हाताने इस्त्री केली. व्हॅनमध्ये मला खिडकी लागते हे बायकोला सांगितलं. ती काहीतरी म्हणणार होती, पण मी हवाबंद डब्यात काय काय न्यायचं ते सांगत होतो.

२ जून, सकाळी

व्हॅन आली. बॅग घेऊन खाली उतरलो. मागे ड्रम, गिटारी, पेट्या. मध्ये छोटी आणि नर्सबाई. पुढच्या सीटवर, खिडकीशी, आई. कानात मशीन, गळ्यात गॉगल, मांडीवर बँडच्या टी-शर्टांचा गठ्ठा. ती विकणार आहे म्हणे. मी म्हणालो, आई, तुझं वय काय. तिने मशीन काढून पदराला बांधलं.

बायकोने मग समजावलं. कपडे रोज फाटणार, ते पार्सलने इकडे येणार, मी रफू करून, खळ घालून पुढच्या गावी पाठवणार. त्यासाठी मशीन लागतं, टेबल लागतं, माझे हात लागतात. ते सगळं इथे आहे. पोस्टरही दाखवलं. सर्वात खाली, बारीक अक्षरांत 'रफू आणि खळ', आणि पुढे मी. कार्डं पुन्हा छापावी लागणार.

ठीक आहे. मुख्य कार्यालयात जबाबदार माणूस हवाच.

निघताना ती व्हॅनच्या दाराशी थांबली. म्हणाली, काही सांगायचंय? इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा आपणहून विचारलं. सांगण्यासारखं पुष्कळ काढून ठेवलं होतं. पाण्याचं, औषधांचं, ड्रायव्हरच्या स्पीडचं. त्यातलं एकही आठवेना. म्हणालो, नीट जा. म्हणाली, एवढंच? म्हटलं, एवढंच.

मग ती हसली. दात दिसतील असं. व्हॅनच्या पत्र्यावर बोटांनी एक ठेका वाजवला आणि आत चढली.

८ जून

पहिलं पार्सल आलं. बायकोच्या शर्टाची दोन्ही मनगटं, कॉलर, पाठ, सगळं गेलंय. मी जोडलेल्या बाह्यांची शिवण जागच्या जागी. गाठोड्यात चिठ्ठी होती. 'सगळे करावे.'

काउंटरवर मीच बसतो. ग्राहक येतात, कपडे देतात आणि बाई कुठे म्हणून विचारतात. मी सांगायला लागलो की पावती घेऊन निघून जातात. या स्टुलाला पाठ टेकायला काही नाही, हे मला माहीत नव्हतं. कपाटात उशी आहे, पण ती मी वर झोपताना घेतो. घ्यायचो.

१४ जून, दुपारी

वर गेलो, जरा आडवा झालो. आजचा दिवस फक्त. डोळा लागतोय तोच खालून धाड धाड सुरू झालं.

जिना कसा उतरलो ते माहीत नाही. चप्पलही घातली नव्हती. एवढ्यात परत आली? कळवलं का नाही? मागच्या खोलीत शिरलो, चादरींची गाठोडी बाजूला सारली. मागे कोणी नव्हतं. स्टूल होतं.

मशीन बंद केलं. आवाज बंद झाला.

मेकॅनिकला फोन केला, म्हटलं, बेअरिंग गेलंय. तो म्हणाला, साहेब, नीट ऐका, वहिनी असतील. मी म्हणालो, नाहीयेत. बेअरिंगच आहे.